या दारातून त्या दारात

राधिकाने सकाळी उठल्याउठल्या आईला आणायला जाताना घालायचा म्हणून ठेवलेला पिवळा फ्रॉक मागितला. काल आपण काय करून बसलो ते सौमित्रला तेव्हा कळलं.

झालं होतं असं. त्याची बायको आश्लेषा चार महिन्यांपासून वर, अंतराळस्थानकात. काल जेवताना तिची थोरली बहीण प्रतिमा, अर्विंगहून ह्यूस्टनला मुद्दाम आलेली, नाक मुरडून म्हणाली, "उद्या स्थानकाच्या एका दाराचं यान काढून दुसऱ्या दाराला लावायचं, एवढंच ना? मग चौघंच्या चौघं सूट घालून आत कशाला बसतात रे? गाडी सावलीत लावायला आपण अख्खं घर घेऊन जातो का?"

"अहो ताई, दुसऱ्या दाराला जोडलंच गेलं नाही तर? मग परत आत कसं शिरणार? तिथून सरळ घरीच यायचं असतं."

पाच वर्षांची पोर समोरच बसली होती.

"होम होम? आपल्या होम?"

"हो गं, आपल्याच."

रोज दोन घासांवर उठणारी राधिका काल ताटातला सगळा वरणभात जेवली. तिच्याकडे बघत बसलेल्या सौमित्रने 'पण तसं कधी होत नाही' हे वाक्य गिळून टाकलं.

आता पिवळा फ्रॉक घालून तिने आईच्या चपला कपाटातून काढल्या, फुंकर मारून दाराशी नीट जोडीने ठेवल्या. प्रतिमाने तिला बाप्पासमोर उभं केलं. "म्हण, आईचं यान छान लागू दे."

राधिकाचे ओठ बराच वेळ हलत राहिले. प्रतिमाला कौतुक वाटलं.

टीव्हीवर यान हळूच सुटलं, स्थानकाला वळसा घालून दुसऱ्या दारासमोर आलं आणि थबकलं. मग चक्क मागे सरकलं. यानाच्या कॉम्प्युटरला दारावरची खूण नीट दिसत नाहीये, असं निवेदक सांगू लागला. पुन्हा प्रयत्न करायचा की सरळ पृथ्वीवर परतायचं, यावर बोलणं चाललं होतं.

"अगं बाई," प्रतिमा पुटपुटली. "हिने इथे पार्किंगमध्ये दोनदा बंपर फोडलाय."

राधिका सोफ्यावर उभी राहिली. सौमित्र घाबरून टीव्हीजवळ सरकला. पण आत कुठेतरी त्याला बरं वाटत होतं. लाज वाटावी इतकं बरं. नको लागू दे, येऊ दे तिला.

तेवढ्यात आश्लेषाचा आवाज आला. शांत, इंग्रजीत. खालून परवानगी असेल तर मी हाताने नेते.

परवानगी मिळाली. यान सरळ रेषेत पुढे गेलं, टेकलं, दाराचे आकडे अडकले. नियंत्रणकक्षात सगळे टाळ्या वाजवू लागले. "शाब्बास गं माझी बहीण!" प्रतिमाने डोळे पुसत टाळ्या पिटल्या. राधिकाने आधी मावशीच्या हातांकडे बघितलं, मग बाबाच्या. तेही वाजत होते. त्याचं त्यालाच कळलं नव्हतं.

दुपारी वरून फोन आला.

"पिल्लू, बघितलंस?" आश्लेषाच्या आवाजात आनंद मावत नव्हता. मागे कुणीतरी हसत होतं.

"यू डिड इट?"

"मीच! कॉम्प्युटर म्हणाला, मला नाही जमत. मग आई म्हणाली, सरक बाजूला!"

"आणि तू नसतं केलं तर? घरी आली असतीस?"

लेकीशी खोटं बोलायचं नाही, हा आश्लेषाचा नियम होता. त्याचा तिला अभिमान होता.

"हो, सोन्या. आले असते."

राधिकाने फोन बाबाच्या हातात दिला. दाराशी गेली. चपला उचलून बाहेर पायरीवर ठेवल्या, दार ओढलं, आणि टाचा उंचावून वरच्या कडीकडे हात नेला. पोचेना.

"अरे, काय करतेय ती?" आश्लेषा विचारत होती. "सौमित्र? गेली का? दे ना तिला परत."

"बाबा," राधिका वळून म्हणाली, "लॉक इट."

फोन कानाला तसाच ठेवून तो उठला आणि त्याने कडी लावली.