नऊशे फुटांवरचं ऊन

"बाई, तुमी आमचं पाणी नेऊन कुठं इकता?"

विचारलं बरं का मी! माझी मैत्रीण गौसिया म्हणाली होती, "अयोध्या, तुझ्यात दम न्हाई." आता बघ म्हणावं.

पुण्याच्या संशोधक बाई हसल्या. "बाटलीभर पाणी कोण घेणार गं? ते कोणत्या काळातल्या पावसाचं आहे ते तपासायचंय. हजारो वर्षांपूर्वीचं निघालं तर समज, खाली नवी भर पडत नाही. उपसलं की संपलं."

पटलं कुणाला? दुष्काळात टँकर एक दिवसाआड, बाकी सगळं गाव पाणी सोसायटीच्या नऊशे फुटी बोअरवर. माझे वडील, अण्णा, सोसायटीचे चेअरमन. ते म्हणाले, "आज बाटली, उद्या बोअरला सील."

बाईंना बीडला जायचं होतं. "लाईट आली की काठोकाठ भरा, बुडबुडा नको," असं सांगून बाटली अण्णांकडे दिली. संध्याकाळी बाई परतल्यावर अण्णांनी ती भरून त्यांच्या हातात दिली.

दोन महिन्यांनी बाई निकाल घेऊन पारावर आल्या. "पाणी ताजं दिसतंय, चेअरमनसाहेब."

"म्हंजे खाली भर पडती!" अण्णा खूश. "सोमवारी आणखी दोन बोअरचा ठराव घेतो."

"पण ह्या पाण्यात उन्हात पडून आटल्याची खूण आहे. तलावाच्या पाण्यात असते तशी. नऊशे फुटांवर ऊन कुठून आलं?"

अण्णा चपलेनं माती उकरत राहिले. मला एकदम आठवलं, बाटली भरली त्या दिवशी लाईट आलीच नव्हती! पंखा बंद म्हणून मी न् गौसिया दिवसभर लिंबाखाली भूमिती सोडवत होतो. मग बोअरची मोटार चालली कशी? आणि त्या दिवशी टँकर आला होता, तो भरतो तलावावर.

रात्री जेवताना मी म्हटलं, "अण्णा, बाटली टँकरातनं भरली ना?"

"गप की गं!" आई म्हणाली.

अण्णांचा घास हातातच राहिला. "गावासाठीच केलं. सील लागलं असतं तर प्यायचं काय?"

"आन् पाणी खरंच जुनं असलं तर? तीन बोअरनं उपसून संपल्यावर प्यायचं काय?"

 मी ताट सरकवलं.

"आई, अण्णा, ऐका. सकाळी आठला लाईट हाय. बाई आज गावातच मुक्कामाला हायत, त्यांना घेऊन मी बोअरवर जाणार. दुसरी बाटली मी भरणार. आन् पहिली कुठनं भरली, तेबी सांगणार."