श्वास कापलेली गाणी

धाकट्याला काही सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, हे ताईला तो चार वर्षांचा असल्यापासून ठाऊक होतं. तरीही आपली आयुष्यातली पहिली पाच गाणी तिनं त्याच्याच हाती सोपवली होती. आता यात दोष कुणाचा, याचा विचार ती कानाला हेडफोन लावून करत होती.

एकोणीस वर्षं ती दुसऱ्यांच्या गाण्यांमागे कोरसमध्ये उभी राहिली होती, मागच्या रांगेत. दिवसभर लॉन्ड्रीच्या काउंटरवर लोकांचे शर्ट घ्यायचे आणि बोलावणं आलं की संध्याकाळी स्टुडिओत जाऊन 'आ' आणि 'ओ' करून यायचं. शब्द मुख्य गायिकेला, 'आ' हिला. पन्नाशी उलटल्यावर तिनं ठरवलं, की एकदा तरी अख्खं गाणं आपल्या आवाजात, आपल्या नावावर लोकांपुढे ठेवायचं. कंपनी वगैरे कुणी तिला विचारणार नव्हतंच, पण हल्ली गाणी आपली आपण साइटवर चढवता येतात. सुट्टीच्या दिवशी एकेक करत दोन वर्षांत पाच गाणी झाली. रविवारी सकाळी ती लोकांना ऐकू येणार होती. कोरसमधल्या सगळ्या बायकांना कळवून झालं होतं. फायली आज, गुरुवारी, संध्याकाळी सहाच्या आत साइटकडे पाठवायच्या होत्या.

दुपारचे बारा वाजले होते, आणि हेडफोनमध्ये गाणारी बाई कोण, हे ताईला ओळखू येत नव्हतं.

आवाज तिचाच होता. सूरही जागच्या जागी होते. पण ओळीला ओळ चिकटलेली, मध्ये उसंत म्हणून नाही. ऐकताऐकता ताईलाच धाप लागली. तिनं दुसरं गाणं लावलं, तिथंही तेच.

"काय केलंस तू हे?"

"साफ केलं," धाकटा म्हणाला. त्याचा चेहरा शाबासकीची वाट बघत होता. "तीन आठवडे बसलो होतो. प्रत्येक ओळीआधी हवेचा आवाज येत होता, फुस्स करून. एकूण एक काढला."

"तो माझा श्वास होता."

"तेच ते."

धाकटा फ्रिज आणि एसी दुरुस्त करायचा आणि त्या कामात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. नळीतून गॅस कुठं गळतोय हे शोधायला बाकीचे साबणाचा फेस लावतात. हा नुसता कान लावायचा आणि नेमकं बोट ठेवायचा. वीस वर्षं फुस्स ऐकलं की पान्हा उचलणाऱ्या माणसाला माइक दिल्यावर दुसरं काय होणार? हे सगळं ताईला आता कळत होतं, आणि कळूनही तळपायाची आग मस्तकात जायची ती जातच होती.

"मूळ फायली लाव," ती म्हणाली.

धाकट्यानं मान खाजवली. "कॉम्प्युटरवर जागा नव्हती. उडवल्या."

ताईनं कपाळाला हात लावला. वर्कशॉपच्या मागच्या या खोलीत तिनं किती सुट्ट्या घालवल्या होत्या. भिंतींना जुन्या फ्रिजांच्या दारांतला फोम चिकटवलेला, दाराला दोन गोधड्या, कोपऱ्यात उघडे पडलेले कॉम्प्रेसर आणि सगळ्याला ग्रीसचा वास. उन्हाळ्यात पंखासुद्धा लावू द्यायचा नाही हा, आवाज होतो म्हणून. आणि एवढं करून हे.

तिनं तिसरं गाणं लावलं. सुरुवातीलाच पेटीच्या भात्याची फुसफुस स्पष्ट ऐकू आली. पेटी धाकट्यानं वाजवली होती.

"हे रे काय?"

"ती पेटी. वाद्याचा आवाज तो, तो कसा काढणार?"

"म्हणजे तुझ्या पेटीनं श्वास घेतलेला चालतो. बहिणीनं घेतलेला चालत नाही."

चहा घेऊन आलेली धाकट्याची बायको दारातच थांबली. "मी ह्यांना म्हटलं होतं, ताईंना एकदा ऐकवा," ती म्हणाली. "पण ह्यांना तुम्हाला सरप्राइज द्यायचं होतं."

"दिलं," ताई म्हणाली.

"आपण असं करू," धाकटा म्हणाला, "रविवार राहू दे. दोन महिने थांब, जरा विश्रांती घे, मग सावकाश परत गाऊ."

"सगळ्यांना सांगून झालंय."

"मग सहा महिन्यांनी करू. घाई कुणाला आहे?"

हे जरा जास्तच होतं. उडवलेल्या फायलींसाठी ओशाळायचं सोडून हा वर तिलाच विश्रांती द्यायला निघाला होता. ताईनं हेडफोन काढून टेबलावर ठेवला. "खरं काय ते बोल."

धाकटा पेटीच्या पट्ट्या पुसत बसला. बराच वेळ पुसल्यावर म्हणाला, "पहिलं गाणं आपण दोन वर्षांपूर्वी केलं. त्यात एका कडव्याला तू चारदा श्वास घेतलास. पाचवं गेल्या महिन्यात केलं. त्यात कडवं तेवढंच, श्वास अकरा. दोनदा तर शब्दाच्या मध्येच. मशीन असं वाजायला लागलं की मला कळतं, ताई. मला ते ऐकवेना. म्हणून एक काढला. मग बाकीचे जास्तच ऐकू यायला लागले."

चहावर साय धरली.

ताईला हे नवीन नव्हतं. लॉन्ड्रीचा जिना चढताना गेले सहा महिने ती मधल्या पायरीवर थांबून पर्समध्ये किल्ली शोधायची. किल्ली तिच्या हातातच असायची. ती घाबरली होती. डॉक्टरकडे गेलं आणि त्यांनी गाणं बंद करा म्हणून सांगितलं तर, या भीतीनं ती गेली नव्हती, आणि म्हणूनच तिला हा रविवार हवा होता. त्यानंतर काय व्हायचं ते होवो.

"हे मला सांगायचं होतंस," ती म्हणाली. "कॉम्प्युटरला काय सांगत बसलास?"

"तू चिडली असतीस."

"मग आता काय मी हसतेय?"

"सोमवारी सकाळी दहाचा नंबर लावते मी डॉक्टरांकडे," धाकट्याची बायको म्हणाली. विचारल्यासारखं नाही, ठरल्यासारखं.

"लाव. सोमवारी येईन," ताई म्हणाली. "पण आज पाचही गाणी परत गाणार. आणि तू बोट लावायचं नाहीस एकाही आवाजाला."

एरवी ते पेटी वेगळी आणि गाणं वेगळं रेकॉर्ड करायचे. आज तेवढा वेळ नव्हता. धाकट्यानं एकच माइक मधोमध उभा केला, त्याच्या एका बाजूला तो पेटी घेऊन बसला, दुसऱ्या बाजूला स्टुलावर ताई. चार गाणी पाच वाजेपर्यंत झाली. चांगली झाली का, हे विचारायला कुणाला सवड नव्हती. मध्ये मध्ये ताई पाणी प्यायची आणि धाकटा तिच्याकडे असा बघायचा, की तिला वाटायचं, पाण्याचा तांब्या याच्या डोक्यात घालावा.

पाचव्या गाण्याच्या शेवटच्या ओळीत एक सूर खूप वेळ धरायचा होता. ताईनं तो लावला आणि अर्ध्यातच तिला कळलं, की आपला दम याला पुरणार नाही. छाती रिकामी झाली. सूर सुटणार, इतक्यात पेटीमागून एक आवाज आला, घोगरा, जरा उतरलेला, घाबरलेला. धाकटा गात होता. जन्मात कधी न गायलेला धाकटा डोळे मिटून तिचा सूर धरून बसला होता. ताईनं तोंड उघडून मोठा, घळघळीत श्वास घेतला, पुन्हा सुरावर आली आणि ओळ पुरी केली.

कोरसमध्ये असंच करतात. एकीचा दम संपला की शेजारची सूर सोडत नाही, पहिली परत येईपर्यंत. एकोणीस वर्षं हे तिनं दुसऱ्यांसाठी केलं होतं आणि दुसऱ्यांनी तिच्यासाठी. धाकट्याला हे कुणी शिकवलं नव्हतं. त्याला फक्त ती थांबलेली सहन झाली नव्हती.

साडेपाच वाजले. दोघांनी ते गाणं ऐकलं. धाकट्याचे कान लाल झाले.

"हे तुझं भसाडं तेवढं काप," ताई म्हणाली.

"नाही कापता येत. एकाच माइकवर आहे. माझा काढला तर तुझाही जाईल." मग त्यानं विचारलं, "परत गाशील?"

परत गाण्याइतका दम तिच्यात उरला नव्हता आणि ते दोघांनाही माहीत होतं. जन्मात एकदा ती एकटी गाणार होती आणि ऐन शेवटच्या ओळीत हा येऊन कडमडला होता. तिला त्याचा भयंकर राग आला होता. तो नसता तर ती ओळ पुरी झाली नसती, याचा तर त्याहूनही जास्त आला होता. तिनं पदरानं डोळे पुसले आणि फायली पोचायला उशीर नको म्हणून घड्याळाकडे बघितलं.

"पाठव," ती म्हणाली. "आणि गाणाऱ्यांच्या रकान्यात तुझंही नाव घाल. एवढा बेसूर कोण, ते लोकांना कळू दे."