गल्लीतली बातमी

युनरूचा मुलगा सहाव्या महिन्यातच जन्मला. वजन जेमतेम सहाशे ग्रॅम, आणि कातडी इतकी पातळ की आतल्या शिरा दिसत. तैवानमधल्या ताइनानच्या इस्पितळात त्याला काचेच्या पेटीत ठेवलं, घशातून नळी घातली. डॉक्टर म्हणाले, "आजचं आज बघू."

सासूबाई एकदा काचेबाहेरून बघून गेल्या, त्या पुन्हा फिरकल्याच नाहीत. "बाळंतिणीनं महिनाभर उंबरा ओलांडायचा नसतो," एवढं मात्र बजावलं. बाळंतिणीची म्हणून तिळाच्या तेलातली कोंबडी वेळेवर समोर येई. युनरू ती मुकाट्यानं खाई, दूध काढी आणि नवऱ्याच्या स्कूटरवर मागे बसून इस्पितळ गाठी. नवरा, बोयेन, खालीच थांबायचा.

"मला नाही बघवत गं."

"मला तरी कुठे बघवतंय?" असं म्हणून ती एकटी वर जायची.

पोर चिवट निघालं. मेंदूत थोडं रक्त उतरलं होतं, ते जिरलं. पोट फुगलं, दूध बंद करावं लागलं, मग थेंबाथेंबानं पुन्हा सुरू झालं. डोळ्यांवर लेझर मारावं लागलं. एका दुपारी नर्सनं त्याला नळ्यांसकट उचलून उबेसाठी युनरूच्या उघड्या छातीवर ठेवलं, तर ते श्वास घ्यायलाच विसरलं. यंत्र कोकललं. नर्सनं पाठ चोळली, तेव्हा कुठे छाती हलली. तरी दुसऱ्या दिवशी युनरू पुन्हा शर्टाची बटणं सोडून बसली. नावही तिनं एकटीनंच ठेवलं, रुईआन.

महिना भरला तेव्हा रीतीप्रमाणे बाळाच्या नावानं लाल अंडी आणि तेलभात वाटायचा विषय घरात कुणी काढला नाही. जीव टांगणीला असताना कसले सोहळे, असं तिनं मनाला समजावलं.

चार महिन्यांनी रुईआन नाकात ऑक्सिजनची बारीक नळी घेऊन घरी आला. गल्लीच्या तोंडाशी शेजारच्या लिआओमावशी भाजी निवडत होत्या.

"अगंबाई, हे कुणाचं बाळ?"

"माझंच, मावशी."

"असली चेष्टा करू नये पोरी! तुझं तर बिचारं तेव्हाच गेलं ना? तुझ्या सासूनंच सांगितलं. मी रडले की गं!"

घरात शिरताच युनरूनं विचारलं. सासूबाई कढईवरून नजर न काढता म्हणाल्या, "हो, सांगितलं. रोज उठून सगळ्या विचारणार, आहे का अजून? आणि आंधळंपांगळं निघालं असतं म्हणजे?"

"म्हणजे काय, आई?"

सासूबाईंनी गॅस मोठा केला. ती बोयेनकडे वळली. "तुला माहीत होतं?"

"आईला लोकांचा फार त्रास होत होता गं. म्हटलं, पुढचं पुढे बघू."

चारच दिवसांत सासूबाईंनी गल्लीभर तेलभाताचे डबे आणि लाल अंडी वाटली. नवा ब्लाऊज घालून त्या दारात उभ्या राहिल्या आणि त्यांनी हात पुढे केले. "दे इकडे माझ्या नातवाला, फोटो काढू या."

"तुमचा नातू गेला, आई. गल्लीला विचारा," युनरू म्हणाली. बाळ तिनं दिलं नाही.

संध्याकाळी पिंगतुंगहून तिची बहीण दोघांना न्यायला गाडी घेऊन आली. बोयेननं ऑक्सिजनचं यंत्र उचलून मागच्या सीटवर नीट ठेवलं.

"तिकडे किती दिवस राहशील?" त्यानं विचारलं.

"झोपलाय तो," युनरू म्हणाली. "दार हळू लाव."