बेकरीवाल्याची जीभ

बेकरीवाल्याच्या जिभेच्या कडेला जन्मापासून एक जांभळी गाठ होती. नुसता रक्तवाहिन्यांचा गुंता. कडक काही घासलं की भळभळायची. त्यामुळे जन्म पाव भाजण्यात गेला, पण पावाची साल कधी तोंडात गेली नाही. भाजणी जमली का, हे तो पाव कानाशी दाबून, कुरकुर ऐकून ठरवी. घरी मऊ गर त्याचा, साल बायकोची. वाटणी चोख, भांडणाला जागा नाही. पण तिच्या दाताखाली साल मोडली की हा स्वतःचा घास चावायचं विसरे.

"असे डोळे लावू नका, माझ्या पोटात दुखेल," ती म्हणायची.

हल्ली गाठ वाढली, बोलताना दातात सापडू लागली. बायकोने त्याला दवाखान्यात नेऊनच सोडलं.

"त्रास नसता तर हातही लावला नसता," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "लेझर वरवरच्या गाठीला बरं, तुमची खोल गेलीय. कापली तर एकदाचं सुटाल, पण रक्त फार जाईल, आधी तिथली रक्तवाहिनी बंद करावी लागेल. शिवाय बोलणं जरा बोबडं होऊ शकतं."

"होऊ दे. तसंही ऐकतंय कोण?" बायको म्हणाली.

"नाहीतर गाठीत औषध टोचायचं. हळूहळू आकसते. खेपा घालाव्या लागतात, दर खेपेला सूज येते. तुम्हाला नक्की काय हवंय?"

त्याने मान खाली घातली. "पावाची साल खायचीय."

बाई हसल्या नाहीत. "मग टोचू या. जीभ शाबूत राहील."

प्रत्येक खेपेनंतर जीभ टम्म. भट्टीसमोर उभा राहून तो गार दूध प्यायचा आणि भाजत्या पावाचा वास छातीत भरून घ्यायचा. गिऱ्हाइकं म्हणत, "मालकाचाच मालावर भरवसा नाही वाटतं."

शेवटी गाठ आकसली आणि बाईंनी परवानगी दिली. बायकोने साल दुधात बुडवायला घेतली, तर त्याने पेला बाजूला सारला. कोरडीच चावली. रक्त आलं नाही. तो सावकाश चावत राहिला, मग थांबला.

"करपलीय ही."

"रोजच करपते," ती म्हणाली. "करपली की जास्त वाजते ना, तुम्हाला तेच बरं वाटतं."

"गिऱ्हाइकं कधी बोलली नाहीत."

"गावात दुसरी बेकरी कुठाय?"

"आणि तू? इतकी वर्षं खाल्लीस कशी?"

"तुम्ही माझ्या तोंडाकडे बघत बसायचात. ते वाकडं कसं करणार?"

त्याने तिच्या बशीतली उरलेली साल ओढून घेतली आणि करपल्या भागासकट चावून चावून संपवली.