महादेवीने चावी फिरवली नव्हती

खंडेनवमीच्या दिवशी मी वडवणीला गेलो होतो. पूजेसाठी झेंडूची फुलं, कोहळा आणि नारळ आणायचे होते. बसमधून उतरलो तर फाट्यावर हॉटेलवाला बंकट माझी वाट बघत उभा होता. त्याने माझ्या हातातली पिशवी काढून घेतली आणि म्हणाला, "आप्पा, पळू नका. आता पळून उपेग न्हाई." मग त्याने सांगितलं. माझी बायको महादेवी आमचा ट्रॅक्टर आणि गोठ्याची भिंत यांच्यामध्ये चेंगरून गेली.

मी घरी पोचलो तेव्हा लोकांनी ट्रॅक्टर मागे ओढून तिला बाजेवर ठेवलं होतं. कमरेखाली ती ओळखू येत नव्हती. भिंतीला रक्त होतं. ट्रॅक्टरच्या तोंडावर तिनेच लावलेलं भस्म आणि कुंकू होतं. तिचा धाकटा भाऊ संगमेश्वर कोपऱ्यात बसला होता. तो आमच्याकडेच राहायचा आणि ट्रॅक्टर तोच सांभाळायचा. म्हणाला, "दाजी, अक्कानं चावी फिरवली. मी काडीपेटी आनायला आत गेलतो."

पोलीस चौकीतला जमादार आला. त्यालाही त्याने तेच सांगितलं आणि जमादाराने तसंच लिहून घेतलं. तपासणीला नेलेलं प्रेत परत येईपर्यंत गावात दुसरं काही बोलणं नव्हतं. बाईने मशीनला हात लावला आणि मेली.

आमच्यात माणसाला बसवून पुरतात. बागेत खड्डा काढला, विधी करायला जंगम आले, पण तिची मांडी घालता येईना. हाडं जागेवर नव्हती. दोघांनी धरून पाय वाकवले तेव्हा आतून आवाज आला. शेवटी धोतराने बांधून बसवलं. तेवढ्यात माझ्या मागे चुलतभाऊ रामहरी कोणाला तरी हळूच म्हणाला, बायकांनी चावीला कशाला हात लावावा. मी वळलो आणि त्याच्या तोंडावर ठोसा मारला. तो मातीच्या ढिगावर पडला. लोकांनी मला धरलं नसतं तर तिथेच त्याचा गळा दाबला असता.

आमचा ट्रॅक्टर बागेतला, लहान. ब्याण्णव-त्र्याण्णवनंतर आम्ही मोसंबी वाढवली. झाडांच्या फांद्या खाली आलेल्या, मोठा ट्रॅक्टर आत शिरत नव्हता. म्हणून एका द्राक्षवाल्याचा जुना ट्रॅक्टर घेतला. संगमेश्वर अंबाजोगाईला एका गॅरेजात राहून आलेला होता. तो म्हणाला, दुरुस्ती माझ्याकडे.

पहिल्याच पावसाळ्यात त्याने पंक्चर काढून मागची चाकं अदलाबदल करून बसवली. टायरच्या नक्षीची दिशा उलटी झाली आणि ट्रॅक्टर चिखलात जागच्या जागी फिरायला लागला. गाव म्हणायला लागलं, संगम्याचा ट्रॅक्टर हडळ हाय, पाय उलटे हायेत. मग त्याने इंजिनाच्या पाण्याच्या टाकीत ऑइल ओतलं. एकदा हँडब्रेक खोलला आणि जोडून झाल्यावर दोन नट उरले. ते गुपचूप खिशात घातले, पण ते धुण्यात महादेवीला सापडले. तेव्हा तीसुद्धा हसली, आम्ही सगळेच हसलो. गॅरेजात शिकलेला म्हणून लोक त्याला जास्तच चिडवायचे. "काय मिस्तरी, आज किती नट उरले?" त्याचे कान लाल व्हायचे. त्या दिवसापासून हँडब्रेक लागेना, म्हणून ट्रॅक्टर उभा करताना गिअरमध्येच ठेवायचा, अशी सवय आम्हाला लागली.

त्या ट्रॅक्टरला एक खटका होता. पायाने क्लच दाबल्याशिवाय चावीने स्टार्टर फिरत नसे. म्हणजे चावी फिरवणारा माणूस वर सीटवर पाहिजे. वर बसलेली बाई खाली ट्रॅक्टरच्या तोंडापुढे कशी सापडेल? मी हे लोकांना सांगत होतो. लोक मान हलवायचे आणि म्हणायचे, घाबरून उडी मारली असेल.

तिसऱ्या दिवशी मी ट्रॅक्टरखाली वाकून बघितलं. स्टार्टरच्या खाली मातीत एक पाना पडला होता आणि त्याचं तोंड नुकतंच जळून काळं झालेलं होतं. जमिनीवर उभं राहून स्टार्टरच्या दोन टोकांना पाना टेकवला की चावी लागत नाही आणि क्लचही लागत नाही. ठिणगी उडते आणि इंजिन फिरतं. गिअर पडलेला असेल तर ट्रॅक्टर उडी मारतो. संगमेश्वर नेहमी असाच चालू करायचा.

तो गोठ्यात भिंतीला टेकून बसला होता. मी पाना त्याच्यासमोर धरला आणि विचारलं, हे काय बे. तो म्हणाला, माझा नाही. मी तोच पाना त्याच्या खांद्यावर हाणला. हाड मोडल्याचं हाताला कळलं. परत विचारलं, परत म्हणाला, अक्कानंच फिरवली. मी त्याच्या गुडघ्यावर मारलं, बरगड्यांवर मारलं. माझी सासू कावेरीबाई मधे पडली. माझं कोपर तिच्या तोंडावर बसलं आणि तिचे पुढचे दोन दात पडले. ती खाली बसली, तोंडाला पदर लावला, तरी मी थांबलो नाही. आवाज ऐकून शेजारचे शहादेव आणि म्हाळू दारात आले. जवळ यायची त्यांची हिंमत झाली नाही.

मग मी ट्रॅक्टरवर चढलो. क्लच दाबला, चावी फिरवली आणि तोंड त्याच्याकडे केलं. तीच भिंत होती. त्याचा गुडघा फुटलेला, त्याला उठता येत नव्हतं. मी पहिला गिअर टाकला आणि क्लच सोडला. त्याला मारायचंच होतं, दुसरं काही मनात नव्हतं.

चाक त्याच्या पायाजवळ आलं तेव्हा तो ओरडला. "मी पाना लावला, दाजी. गिअर बघितला न्हाई. अक्का म्हनलीती, संगू, आधी गिअर बघ. मी म्हनलो, मला शिकवू नको. बाया पूजेला यायच्या आत चालू झाला पायजे, न्हाईतर आज बी हसतील."

मी ब्रेक दाबला. या ट्रॅक्टरला डाव्या चाकाचा वेगळा आणि उजव्याचा वेगळा असे दोन ब्रेक असतात. झाडाभोवती आखूड वळता यावं म्हणून बागेत त्यांना जोडणारी कडी आम्ही काढून ठेवायचो. माझा पाय एकाच ब्रेकवर पडला. ट्रॅक्टर त्याच्या पायावरून गेला नाही, गर्रकन डावीकडे फिरला आणि गोठ्याच्या खांबावर आदळला. खांब मोडला आणि वरचे पत्रे माझ्या डोक्यात पडले.

म्हाळू हसला. त्याला हसू आवरलं नाही. मग तोंडावर हात ठेवून म्हणाला, "आप्पा, दोनी ब्रेक दाबायचे असतेत." डोळ्यात रक्त उतरल्यामुळे तो मला नीट दिसत नव्हता. हाताला पाना लागला असता तर मी त्यालाही सोडलं नसतं. पण उजवा हात वर होईना. खांदा निखळला होता.

संगमेश्वरचं हाड जुळलं, पण गुडघा वाकत नाही. गाव सोडून निघायच्या आधी तो माझ्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, चौकीवर चला, मी खरं सांगतो. सासूने आम्हा दोघांच्या मधे हात आडवा धरला. दात पडल्यामुळे तिचे शब्द नीट निघत नव्हते. "वैजिनाथ, बाबा, एक लेकरू मातीत घातलं. दुसरं जेलात घालू नको."  ती त्याला घेऊन तलवाड्याला तिच्या बहिणीकडे गेली.

गावात आता बहुतेकांना खरं माहीत आहे. गावाबाहेर नाही. परवा वडवणीच्या बाजारात खताच्या दुकानात एक माणूस, मला न ओळखता, मलाच सांगत होता की तिकडे एका बाईने पूजेच्या दिवशी हौसेने चावी फिरवली आणि आपणच चेंगरून मेली. मी त्याची कॉलर धरून त्याला पोत्यांवर पाडला आणि लोक सोडवेपर्यंत मारला. का मारलं ते त्याला सांगितलं नाही.

चौकीत अजून तसंच लिहिलेलं आहे. चौकीच्या दारापर्यंत मी दोनदा जाऊन आलो. ते खोटं आहे, एवढं जमादाराला सांगायचं राहिलं आहे.