चौथ्या मजल्यावरची तपासणी

आरोग्य खात्याच्या इमारतीत लिफ्ट चालवणाऱ्या माणसाला सगळे राजे म्हणत. लिफ्टच्या कोपऱ्यात लाकडी स्टूल होतं. त्यावर ते सकाळी बसत ते संध्याकाळीच उठत. साहेब लोक आत शिरायचे, मजला सांगायचे आणि राजे बसल्या जागेवरून बटण दाबायचे. डबासुद्धा तिथंच उघडायचा. वर्षं गेली, पोट पुढं आलं, पाय मात्र काडीसारखे झाले.

मग खात्याला जाग आली. शहरातली माणसं बसून बसून आजारी पडताहेत, दवाखान्यांत साखर आणि रक्तदाबवाल्यांची रीघ लागलीय, असं वरून कळवलं गेलं. त्यावर बैठका झाल्या, अर्थात बसूनच. शेवटी मोठ्या मॅडमनी ठरवलं, सुरुवात आपल्या इमारतीपासून. लिफ्ट बंद.

मॅडम मनाच्या वाईट नव्हत्या. राजांना बोलावून त्या म्हणाल्या, "काका, किती वर्षं त्या डब्यात कोंडून घेतलंत. आता टपाल घेऊन मजल्यामजल्यावर फिरा. बघा कसे तरुण होताय."

"हो मॅडम," राजे म्हणाले. नाही म्हणायची त्यांना सवय नव्हती.

पहिल्याच दिवशी पहिल्या मजल्यावर पोचेपर्यंत छातीचा भाता झाला. कठड्याला टेकून ते उभे राहिले. मागून चहावाली किटली घेऊन येत होती.

"काय राजे, स्वारी अडली?"

"जरा दम खातोय."

"सकाळपासून तेवढंच खाताय. आणा ते टपाल इकडे. वर चाललेच आहे मी."

तेव्हापासून टपाल तीच नेऊ लागली. राजे जिन्याखाली लपून बसत. मॅडमच्या चपला वाजल्या की तेवढ्यापुरते उठून उभे राहत. बरं, लपणारे ते एकटे नव्हते. जाडे हिशेबनीस तळमजल्यावरच ठाण मांडून बसले. व्यायाम समितीची बैठकही, सदस्यांचे गुडघे धरतात म्हणून, खालीच भरू लागली.

मोहिमेचा गुण आला का हे बघायला खात्यानं सगळ्यांची तपासणी ठेवली. जो येणार नाही त्याला काम झेपत नाही असं धरून घरी पाठवणार, असंही जाहीर झालं. राजांच्या तोंडचं पाणी पळालं. मुलगी नवऱ्याशी न पटल्यामुळे लेकरासह माहेरी आली होती. घर त्यांच्या एकट्याच्या पगारावर उभं होतं.

तपासणी चौथ्या मजल्यावरच्या सभागृहात होती.

चहावालीनं मॅडमना धीर करून विचारलंच, "खाली ठेवली तर नाही का चालणार?"

"अगं, चढून येणं हाच तपासणीचा पहिला भाग," मॅडम म्हणाल्या.

त्या दिवशी राजे सगळ्यांच्या आधी निघाले. एक पायरी, मग थांबायचं. पोरसवदा कारकून दोन-दोन पायऱ्या टाकत शेजारून गेले. "राजे, आज पायी?" "चाललोय बाबा, चाललोय." दुसरा मजला मागं पडला आणि छातीवर कुणीतरी पाट ठेवून बसल्यासारखं झालं. राजे पायरीवर टेकले. बसल्यावर बरं वाटलं, हीच तर आयुष्यभराची खोड.

वरून माणसं उतरू लागली. "सगळं नॉर्मल," एकजण म्हणाला. "माझंही," दुसरी म्हणाली. सगळ्यांचं सगळं नॉर्मल होतं. ज्यांचं नव्हतं ते वर पोचलेच नव्हते. हिशेबनीस तर पहिल्या मजल्यावरूनच माघारी फिरले होते. राजे अंग चोरून, भिंतीला चिकटून वाट देत राहिले. जो तो वळसा घालून गेला.

दुपार कलली तेव्हा मॅडम उतरल्या. "अरे काका, बरं झालं सापडलात. मशिनं जिन्यावरून उतरवायची म्हणजे आपटतील बिचारी. लिफ्ट चालू करता जरा?"

राजे उठले. कठडा धरून दुसऱ्या मजल्यावर उतरले आणि लिफ्ट चालू करून चौथ्यावर गेले. जिथं सकाळपासून पोचायचं होतं तिथं दार उघडलं, तर सभागृहात खुर्च्या रचून ठेवत होते. खोकी आत आली, मागून डॉक्टर.

"तुम्ही आला नाहीत तपासायला?"

"येतच होतो, साहेब."

"मशीन बांधलं आता. पण निकाल फार छान हो. एकही माणूस आजारी निघाला नाही."

"साहेब, नुसती नाडी बघता का? हात धरून."

डॉक्टर कसनुसं हसले. "असं लिफ्टमध्ये नाही बघता येत काका. वेळेवर वर यायचं."

लिफ्ट खाली आली. खोकी उतरवताना एक जरा कललं, तर तिघं धावले.

संध्याकाळी बायको दारातच उभी होती. घराला दोनच पायऱ्या. त्या चढून राजे चौकट धरून थांबले.

"काय निघालं हो तपासणीत?"

"कुणीच आजारी निघालं नाही."

"चला, सुटलो एकदाचे," तिनं पदरानं त्यांच्या कपाळावरचा घाम टिपला. "म्हणजे नोकरी राहिली ना?"

उत्तर द्यायला श्वास हवा होता. राजे तो गोळा करत उभे राहिले आणि ती हसऱ्या तोंडानं वाट बघत राहिली.