अबू अदहमच्या घरची कॉफी

हिकमतने कॉफीचा पेला ओठांना लावला तेव्हा मी त्याच्या अगदी शेजारी बसलो होतो, आणि तरी मला त्याचा हात धरता आला नाही. एक घोट, दुसरा घोट, आणि रिकामा पेला त्याने सावकाश खाली ठेवला. अबू अदहमच्या बैठकीच्या खोलीत आम्ही दहाबारा जण होतो. बाकी सगळ्यांचे पेले भरलेले, जिथल्या तिथे. हाजी मिस्बाहचं बोलणं अर्ध्यावर आलं होतं. ते थांबले, आणि खोलीत कुणाला कुठे बघावं ते कळेना.

आमच्याकडे कुणाच्या दारी मोठं मागणं घेऊन जायचं, तर मानाची माणसं सोबत न्यायची. मुलगी मागायची असो की खुनाचं वैर मिटवायचं असो, रीत एकच. घरधनी कॉफी पुढे ठेवतो, पाहुणे तिला हात लावत नाहीत. तो ‘घ्या, कॉफी घ्या’ म्हणाला की मागणं मान्य. त्याआधीच कुणी ती पिऊन टाकली, तर मागणं तिथेच संपलं. हे आमच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. हिकमतने तर साठी ओलांडलेली.

आमचं मागणं मात्र जगावेगळं होतं. आम्ही अबू अदहमच्या घरासमोरचे डोंगर मागायला गेलो होतो.

आम्ही चौघं दर शुक्रवारी माझ्या पिकअपमधून अजलूनच्या डोंगरांत फोटो काढायला जातो. मी टायरचं दुकान चालवतो. रऊफची बेकरी आहे, त्यामुळे गरम रोटी आणि तिच्यावर भुरभुरायचा झातरचा मसाला त्याच्याकडून. हाजी मिस्बाह शाळेचे मुख्याध्यापक होते, त्यामुळे उपदेश त्यांच्याकडून. आणि हिकमत. त्याची सगळी नोकरी सरकारी दवाखान्यात, एक्स-रेच्या अंधाऱ्या खोलीत गेली. लोकांना ‘श्वास रोखा’ म्हणायची सवय इतकी लागली होती की डोंगराचा फोटो काढतानाही तो तेच पुटपुटायचा. रऊफ म्हणायचा, ‘बघा, आता डोंगराची हाडं दिसतील.’ हिकमत हसायचा. निवृत्त झाल्यावर त्याने पहिली खरेदी केली ती कॅमेऱ्याची. आयुष्यभर अंधारात उभा राहिलेला माणूस उजेडासाठी किती हावरा होतो ते मी त्याच्याकडे बघून शिकलो.

पण गेल्या काही वर्षांत फोटो काढायचं आमचं एकेक वळण बुजत गेलं. एका ठिकाणी लग्नाचा हॉल आला, दुसरीकडे जाहिरातीचा भलामोठा फलक, तिसरीकडे कुणीतरी काचेचं हॉटेल बांधून आत चहाला दाम लावले. उरलं ते एकच, अबू अदहमच्या घरावरचं. त्याचं घर रस्त्याच्या खाली आहे, गच्ची रस्त्याला टेकलेली. रस्त्यावर उभं राहून गच्चीवरून पलीकडे नजर टाकली की जैतुनाच्या झाडांची उतरण, खाली नदीच्या खोऱ्यातलं धुकं, आणि पाऊस पडून गेलेला असला तर पलीकडच्या डोंगरांच्या रांगा. त्यातल्या तिसऱ्या रांगेवर हिकमतचं गाव आहे. लढाईत त्याची आई त्याला पोटाशी बांधून तिथून नदीच्या अलीकडे आली ती आलीच; नदीची सरहद्द झाली. पुढे आई वारली, आणि हिकमतला तिकडे जायची वाट कधी उघडली नाही. ही रांग दिसते ती फक्त या वळणावरून. त्याच्याकडे तिचे फोटो किती आहेत ते त्यालाच माहीत. सगळे सारखेच, असं आम्ही चिडवायचो.

अबू अदहमच्या मुलाचं, अदहमचं लग्न ठरलं आणि बापाने गच्चीवर मजला चढवायचं ठरवलं. सिमेंटचे ठोकळे रस्त्याकडेला येऊन पडले. आम्ही नगरपालिकेत गेलो, तर तिथला कारकून म्हणाला की घर त्याचं, जागा त्याची, आणि समोर काय दिसतं त्याची नोंद कुणाच्या नावावर नसते. तेव्हा हाजी मिस्बाहना मानाची माणसं घेऊन जायची कल्पना सुचली. या सगळ्याला एकट्या हिकमतचाच विरोध होता. पोराचा संसार अडवायचा आपल्याला काय हक्क, असं तो म्हणत राहिला. आम्ही त्याला जवळजवळ ओढतच नेलं, आणि आता त्यानेच कॉफी पिऊन टाकली होती.

अबू अदहमच्या मेहुण्याने आधी तोंड उघडलं. ‘चला, पाहुण्यांनी कॉफी घेतली. अल्ला बरकत देवो. आता जेवूनच जा सगळे.’

तो हसत होता, पण विषय मिटला हे सगळ्यांना कळलं. रऊफने माझ्या पायावर पाय दिला, जणू कॉफी मीच प्यायलो होतो.

अबू अदहम हिकमतकडे बघत राहिला. ‘तहान लागली होती का रे?’

‘नाही.’

‘मग?’

‘ही खिडकी,’ हिकमत म्हणाला. ‘वर रस्त्यावरून बघताना मध्ये तुझं ओकचं झाड येतं. इथून येत नाही. इथून आमच्या गावाखालचा उतार दिसतो, आई सांगायची तो. मी कधी बघितलाच नव्हता. हातात काय आहे ते विसरलो बघ. माफ कर, भाऊ. हे लोक चांगले आहेत, पण तू बांध. पोराचं लग्न आहे.’

अबू अदहम उठला, खिडकीशी गेला आणि हिकमतच्या नजरेच्या उंचीला येईल इतका वाकून बाहेर बघू लागला. घरधनी नेहमी दाराकडे तोंड करून बसतो, आल्यागेल्याला उठून सामोरं जायला. म्हणजे इतकी वर्षं या खिडकीकडे त्याची पाठच होती. तो बराच वेळ वाकलेला राहिला. मग सरळ झाला आणि अदहमकडे वळला. नवरदेव पितळी किटली घेऊन दारात उभा होता.

अदहमच आधी बोलला. ‘बाबा, इर्बिद शहरात भाड्याने खोल्या मिळतात. कामावरही जवळ पडेल.’

‘आणि तुझ्या आईला कोण सांगणार? सून आपल्या डोक्यावर नांदणार म्हणून ती चार गावांत सांगत सुटलीय.’

‘तुम्ही सांगा.’

‘वा. सोपं काम बापाला.’ अबू अदहम आपल्या जागेवर येऊन बसला. त्याने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि थोडा वेळ त्यांच्याकडेच बघितलं. मग म्हणाला, ‘हिकमतचा पेला भर.’

अदहमने भरला.

‘घ्या,’ अबू अदहम म्हणाला. ‘कॉफी घ्या सगळे.’

ती कॉफी कडू होती आणि गार झाली होती. तशी कॉफी मी त्याआधी कधी प्यायलो नाही आणि पुढे मिळेल असं वाटत नाही. हिकमत दोन्ही हातांत पेला धरून रडत होता आणि त्याची लाज त्याला वाटत नव्हती. मलाही भरून आलं. त्या माणसाचे उपकार आम्ही कशाने फेडणार होतो? दिलं त्याने, आणि ते देताना आवाजसुद्धा चढवला नाही.

लग्न झालं. अदहम बायकोला घेऊन इर्बिदला राहायला गेला. ठोकळे कुणीतरी उचलून नेले.

हिवाळ्यात एका शुक्रवारी, रात्रभर पाऊस पडून आभाळ धुऊन निघालं होतं, तेव्हा आम्ही वळणावर गेलो. पलीकडच्या रांगा इतक्या स्वच्छ दिसत होत्या की रऊफची बडबडही थांबली. गच्चीवर, अदहमच्या खोल्या जिथे व्हायच्या होत्या तिथे, अबू अदहम प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला होता. डोंगर त्याच्या पाठीशी. त्याचे डोळे इर्बिदच्या रस्त्याकडे होते. शुक्रवारी पोरगा येतो, पण अशा पावसानंतर येईलच असं नाही, असं त्याने आम्हाला सांगितलं.

डोंगरांचे फोटो काढणाऱ्याला मध्ये माणूस नको असतो. माणूस जाईपर्यंत आम्ही थंडीत कुडकुडत थांबतो, पण थांबतो. रऊफने कॅमेऱ्याची तिपाई मांडली तर अबू अदहम बरोबर तिसऱ्या रांगेच्या खाली येत होता. त्यालाही ते कळलं असावं, कारण तो खुर्चीच्या हातावर भार देऊन उठू लागला.

‘मध्ये येतोय का मी? बाजूला होतो.’

‘नको,’ हिकमत म्हणाला. ‘बस तू.’

अबू अदहमने डोक्यावरचा रुमाल नीट केला आणि पुन्हा रस्त्याकडे तोंड करून बसला.